अंधुक उजेड, रायफलीवरची दुर्बीण आणि डोळ्याची बाहुली

जंगलाच्या कडेला लाकडी मचाण, समोर गवताळ मोकळी जागा आणि सूर्य मावळून तासभर झालेला. जर्मनीतला परवानाधारक शिकारी बहुधा अशाच वेळी बसलेला आढळतो. कारण रानडुकरे आणि रो जातीची लहान हरणे उजेड ओसरू लागला की चरायला बाहेर पडतात. तेथील केंद्रीय शिकार कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'रात्र' सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होते आणि सूर्योदयाच्या दीड तास आधी संपते. या रात्रीत हरणांवर गोळी झाडायला बंदी आहे, रानडुकरांना मात्र ती लागू नाही. त्यामुळे शिकाऱ्याच्या उपयोगाचा बराचसा वेळ संधिप्रकाशातच जातो.

नुसते काहीतरी काळे हलताना दिसून भागत नाही. पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या आईला मारणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे, आणि रानडुकराची पिल्ले उंच गवतात सहज झाकली जातात. समोर एकटा नर आहे की पिल्लांची आई, हे ऐंशी-शंभर मीटरवरून ओळखायचे. ओळख पटली नाही तर गोळी झाडायची नाही. म्हणून येथे दुर्बीण नेम धरण्याइतकीच ओळख पटवण्यासाठी हवी असते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी हौशी शिकार बंद झाली. तरीही हा प्रश्न वर्गात घेण्यासारखा आहे. त्यात प्रकाशशास्त्र आणि शरीरशास्त्र हातात हात घालून येतात, आणि पक्षीनिरीक्षणाच्या किंवा आकाशदर्शनाच्या दुर्बिणीलाही तोच हिशोब लागू पडतो.

जर्मन शिकाऱ्यांची जुनी आवडती दुर्बीण म्हणजे ८ × ५६. पहिला आकडा विशालनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या (वस्तुभिंगाच्या) व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. एवढे मोठे भिंग कशासाठी, असे विचारले तर 'ते जास्त प्रकाश गोळा करते आणि दृश्य उजळते' असे उत्तर मिळते. उत्तराचा पहिला भाग खरा आहे, दुसरा चुकीचा.

अंधारात डोळ्याची बाहुली ७ मि.मी. रुंद झाली आहे असे समजा. ५६ मि.मी. व्यासाचे भिंग तिच्या आठपट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने ६४ पट. तेव्हा प्रकाश ६४ पट गोळा झाला हे खरे. पण दुर्बिणीने चित्रही आठपट उंच आणि आठपट रुंद केले आहे. तो प्रकाश दृष्टिपटलावर ६४ पट जागेत पसरला. हाती काय उरले? नुसत्या डोळ्याला दिसते तेवढीच उजळी. किंबहुना भिंगांत थोडा प्रकाश वाया जातो म्हणून किंचित कमीच. गवत, झाडे, प्राणी अशा पसरट वस्तूंची उजळी कोणतीही साधी दुर्बीण नुसत्या डोळ्याच्या वर नेऊ शकत नाही. (ताऱ्यांची गोष्ट वेगळी. ते बिंदूसारखे असल्याने त्यांचा प्रकाश पसरत नाही.)

मग भिंग लहान घेतले तर? नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेची जाडी म्हणजे भिंगाचा व्यास भागिले विशालन. ८ × ५६ मध्ये ती ७ मि.मी. भरते, १० × ४० मध्ये ४ मि.मी. सात मिलिमीटरच्या बाहुलीत चार मिलिमीटरचीच शलाका शिरली तर चित्राची उजळी सोळा-एकोणपन्नासांश, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश होते. मोठे भिंग उजेड वाढवीत नाही. विशालनाबरोबर होणारी घट ते भरून काढते, एवढेच.

ही शलाका विद्यार्थ्यांना दाखवता येते. शाळेतली कोणतीही द्विनेत्री दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजळ आकाशाकडे रोखावी, सूर्याकडे मात्र कदापि नाही. नेत्रिकेत एक लखलखीत वर्तुळ तरंगताना दिसेल. पारदर्शक पट्टी लावून त्याचा व्यास मोजावा आणि भागाकाराशी ताडून पाहावा.

आता हिशोबाची दुसरी बाजू. बाहुली सर्वांची सारखी रुंदावत नाही. विशीत ती अंधारात सुमारे ७ मि.मी. होते, साठीत सुमारे ५ मि.मी.वरच थांबते, व्यक्तीव्यक्तीत फरक असतो तो वेगळाच. साठीच्या शिकाऱ्याने ८ × ५६ डोळ्याला लावली तर शलाकेचा मधला ५ मि.मी. भागच आत जाईल. म्हणजे भिंगाचा मधला ४० मि.मी. भागच कामी आला, निम्मा प्रकाश बाहुलीच्या कडेवर अडला. जाड शलाकेत डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र हरवत नाही, एवढा फायदा राहतो. पण त्याच ५६ मि.मी. भिंगावर विशालन अकराच्या आसपास नेता आले तर पाचाची शलाका मिळते आणि उजळी न गमावता प्राणी अधिक मोठा दिसतो. तेव्हा दुर्बीण निवडण्याआधी स्वतःचा डोळा मोजणे शहाणपणाचे. जाड कागदाच्या ४, ५, ६, ७ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. अंधाराला डोळा सरावला की दुसरा डोळा झाकून, पट्टी डोळ्याला न टोचता शक्य तेवढी जवळ उभी धरून तेजस्वी ताऱ्याकडे पाहावे. पट्टी बाहुलीपेक्षा अरुंद असेल तर तारा दिसतच राहतो, रुंद असेल तर झाकला जातो.

उजळी वाढतच नसेल तर दुर्बिणीतून संध्याकाळी जास्त दिसते कसे? उत्तर दृष्टिपटलात आहे. उजेडात शंकूपेशी काम करतात, अंधारात दंडपेशी. अनेक दंडपेशींचे संदेश एकत्र होऊन पुढे जातात. त्यामुळे त्या मंद प्रकाश टिपतात, पण बारकावे गमावतात. तुरळक ठिपक्यांनी छापलेल्या चित्रात लहान आकृती ओळखू येत नाही, मोठी येते, तसेच हे. चित्र आठपट मोठे झाले की तोच प्राणी कितीतरी जास्त पेशींवर पसरतो आणि पायाशी पिल्लू आहे की दगड हे कळते. या पेशी पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून मचाणावर मोबाइल उघडणाऱ्याची महागडी दुर्बीणही फुकट.

विशालन आणि भिंग दोन्ही महत्त्वाचे, म्हणून त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून 'संधिप्रकाशांक' सांगण्याची पद्धत आहे. ८ × ५६ चा येतो सुमारे २१, ६ × ४२ चा सुमारे १६. पण २० × २० अशी दुर्बीण केली तर तिचा अंक चक्क २० येईल, आणि शलाका फक्त १ मि.मी.! संध्याकाळी तिच्यातून अंधारच दिसेल. शलाकेची जाडी न पाहता या अंकावर भरवसा ठेवू नये.

काचेचा दर्जा या अंकात येतच नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग आले की पलीकडे ६६ टक्केच पोचतो, आणि परावर्तित प्रकाश आत भटकून चित्र धुरकट करतो. १९३५ साली झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या लेपाची युक्ती काढली. परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आले तर तेच दहा पृष्ठभाग ९५ टक्के प्रकाश सोडतात. जाहिरातीत ९० आणि ९२ टक्क्यांवरून वाद रंगतात, पण तेवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. त्यापेक्षा दुकानाबाहेर संध्याकाळी उभे राहून सावलीतली विटांची भिंत पाहावी.

उजेड कमी होताना डोळ्याची रंगांची जाणही सरकते. शंकूपेशींची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या-पिवळ्या रंगात, सर्वाधिक असते. दंडपेशींची ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्यात. पहाटे लाल फुले काळपट दिसतात हे बोहेमियाच्या पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले ते यामुळेच. संध्याकाळसाठी बनवलेल्या दुर्बिणीचा लेप म्हणूनच या निळसर हिरव्या भागात प्रकाश नीट सोडणारा हवा. नेमाच्या खुणेतही तोच विचार दिसतो. जर्मन पद्धतीच्या खुणेत तीन बाजूंनी जाड दांडे येतात, कारण बारीक रेषा अंधारात दिसत नाहीत. मध्यभागी पेटणारा ठिपका लाल असतो. दंडपेशी लाल प्रकाशाला जवळपास दाद देत नाहीत, त्यामुळे मंद ठेवला तर तो अर्ध्या तासाचा सराव मोडत नाही.