एका खडकावरचे तिघे

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, क्लाइड नदी जिथे समुद्राला मिळते त्या भागात कंब्रे नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या मिलपोर्ट गावाजवळचे खडक ओहोटीला उघडे पडले की पांढुरक्या, खरबरीत थराने माखलेले दिसतात. हा थर बार्नॅकलचा. दिसायला शिंपल्याच्या जातीचा वाटला, तरी हा प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला. कोकणातल्या खडपांवर अनवाणी चाललेल्यांच्या तळव्यांना त्याचे भाऊबंद चांगलेच ठाऊक असतात.

बार्नॅकलचं डिंभ, म्हणजे पिल्लू, आधी पाण्यात तरंगत वाढतं. शेवटच्या अवस्थेत ते खाणं सोडून देतं आणि फक्त जागा शोधतं. एकदा डोक्याकडून खडकाला चिकटलं की जन्मभर तिथून हलणं नाही. भरतीचं पाणी आलं की कवचाच्या झडपा उघडून पाय बाहेर काढायचे आणि त्यांनीच अन्नकण गोळा करायचे. त्यामुळे बार्नॅकलच्या आयुष्यात जागेइतकं मोलाचं काहीच नाही.

मिलपोर्टच्या खडकांवर त्यांचे दोन प्रकार सहज आढळत. वरच्या पट्ट्यात थॅमॅलस, खालच्या पट्ट्यात सेमिबॅलॅनस. पूर्वी त्याला बॅलॅनस म्हणत. दोघांचीही कवचं सहा तुकड्यांची, दोघांचं खाणं एकाच पाण्यातलं. गॉझ या रशियन जीवशास्त्रज्ञाने १९३४ साली सूक्ष्मजीवांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की एकाच साधनावर जगणाऱ्या दोन जातींपैकी एक दुसरीला हटवते. मग इथे दोघं कसे टिकले? ज्याला जिथलं वातावरण मानवतं तिथे तो राहतो, हे उत्तर सोपं होतं, पण अपुरं. कारण थॅमॅलसची पिल्लं खालच्या पट्ट्यातही चिकटत. मोठे थॅमॅलस मात्र तिथे जवळपास दिसत नसत.

१९५०च्या दशकात जोसेफ कॉनेल हा तरुण अमेरिकन संशोधक या प्रश्नामागे लागला. त्याने थॅमॅलस असलेले दगड खालच्या पट्ट्यात नेऊन बसवले आणि प्रत्येक प्राण्याची जागा नकाशावर टिपली. सेमिबॅलॅनसची पिल्लं येऊन चिकटू लागल्यावर दगडाच्या अर्ध्या भागावरून ती काढून टाकली आणि उरलेला अर्धा भाग तसाच ठेवला. साफ केलेल्या भागावर थॅमॅलस व्यवस्थित जगले. जास्त वेळ पाण्याखाली राहण्याने त्यांचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या भागावर मात्र झपाट्याने वाढणाऱ्या सेमिबॅलॅनसनी त्यांना वरून झाकलं, खालून उचकटलं, बाजूंनी चिरडलं. वाचलेल्यांचीही वाढ खुंटली. याउलट वरच्या पट्ट्यात, उष्ण आणि कोरड्या हवेत, सेमिबॅलॅनस सुकून मरत आणि थॅमॅलस तग धरत. शेजाऱ्याच्या दांडगाईची मजल जिथे संपते, तिथे थॅमॅलसचं घर सुरू होतं.

हा शोधनिबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कॉनेलने निसर्गातली मांडणी नुसती पाहिली नाही, ती हलवून पाहिली.

या कहाणीला पुढे एक वळण मिळालं. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा थॅमॅलस म्हणजे १७९१ साली पोली या अभ्यासकाने वर्णन केलेली स्टेलॅटस ही जात, असं सगळे धरून चालले होते. कवचाचा आकार जागोजागी बदलतो, पण बार्नॅकलमध्ये तसं होतंच. दाटी झाली की कवच उंच होतं, लाटांच्या माऱ्याने झिजतं. १९७६ साली संशोधक ॲलन साउथवर्ड यांनी दाखवून दिलं की इथे दोन स्वतंत्र जाती आहेत. दुसरीला त्यांनी जॉर्ज माँटॅग्यू या जुन्या इंग्लिश निसर्गअभ्यासकाच्या नावावरून माँटॅगुई हे नाव दिलं. स्टेलॅटसच्या झडपांचं तोंड गोलसर, माँटॅगुईचं पतंगाच्या आकाराचं. पुढे विकरांच्या तपासणीतही दोन्ही वेगळ्या ठरल्या. कॉनेलच्या दगडांवरचे थॅमॅलस मुख्यतः माँटॅगुई असावेत, असं आता मानलं जातं. त्याच्या प्रयोगाला याने बाधा येत नाही. पण दोघांच्या सहवासाचं कोडं सुटलं असं वाटत असताना त्यातल्या एका नावाखाली दोन जाती नांदत होत्या.

या दोघींची वाटणीही बारकाईची आहे. माँटॅगुई किनाऱ्यावर अधिक वर आणि आडोशाच्या उपसागरांत. स्टेलॅटस थोडी खाली आणि लाटा झेलणाऱ्या भूशिरांवर. अनेक किनाऱ्यांवर त्या मिसळलेल्याही दिसतात. या वाटणीची सुरुवात बहुधा खडकाला चिकटण्याआधीच, पाण्यात होते. स्टेलॅटसची पिल्लं मोठी असतात आणि किनाऱ्यापासून दूरच्या पाण्यात वाढतात, तर माँटॅगुईची पिल्लं लहान असतात आणि किनाऱ्यालगत राहतात.

ऋतूंचं गणितही यात आहेच. सेमिबॅलॅनस उत्तरेचा. तो हिवाळ्यात अंडी वाढवतो, वर्षातून एकदाच, आणि वसंतात त्याच्या पिल्लांची खडकावर झुंबड उडते. थॅमॅलस दक्षिणेचे. त्यांची वीण उन्हाळ्यात, एकाहून अधिक वेळा होते. म्हणून उबदार वर्षांत थॅमॅलसचं पारडं जड होतं आणि थंड वर्षांत सेमिबॅलॅनसचं. नैऋत्य इंग्लंडमध्ये प्लिमथजवळच्या खडकांवर साउथवर्ड यांनी ही चढउतार दशकानुदशकं मोजली. १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर सेमिबॅलॅनस तिथे बळावला. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी तापत गेलं, तसा तो मागे हटू लागला. मोजणारे आता दोन्ही थॅमॅलस वेगवेगळे मोजतात. १९७६पूर्वीच्या नोंदींत मात्र ते एकाच नावाखाली आहेत आणि त्या वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.