‘उद्या’ची थकबाकी

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘आळशी’ आणि ‘दीर्घसूत्री’ हे दोन शब्द वेगवेगळे आले आहेत. याचाच अर्थ, काम लांबणीवर टाकणारा प्रत्येक मनुष्य आळशी असतोच असे नाही.

बंगळुरूत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी तरुणांकडे पाहिले की हा भेद ध्यानात येतो. कार्यालयातील अवघड कामे ते मुदतीत पूर्ण करतात, रिंग रोडवरील वाहनांच्या गर्दीतून रोजची ये-जा करतात. परंतु नामनिर्देशनाचा साधा अर्ज मात्र महिनोन्‌महिने टेबलाच्या खणात पडून राहतो. तो अवघड नसतो, कंटाळवाणा असतो. त्यात आव्हान नाही, कौतुक नाही आणि आज न भरल्याने आजच काही बिघडतही नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1991 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नेमक्या याच वृत्तीची मीमांसा केली. ते वर्षभर भारतात राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ यांचे कपड्यांचे खोके अमेरिकेस पाठवायचे होते. आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी ‘उद्या पाठवू’ असेच ठरवीत राहिले! 2001 साली नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरलेल्या या विद्वानाचा निष्कर्ष सोपा आहे : आजचा त्रास डोळ्यांपुढे ठळक दिसतो, एका दिवसाच्या विलंबाचा तोटा मात्र क्षुल्लक वाटतो. तो साचत जातो, तेव्हा कळतही नाही.

बँकेच्या व्यवहारात हे साचणे स्पष्ट दिसते. बंगळुरूत नोकरी बदलली की बहुधा नवे पगार खाते उघडले जाते. जुने खाते ‘बंद करू केव्हातरी’ म्हणून तसेच राहते. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या 2014 सालच्या योजनेनुसार ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. पैसा बुडत नाही. बँकेकडे अर्ज करून तो परत मिळतो. अशा ठेवींच्या शोधासाठी ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु वारसांना खात्याची माहितीच नसेल, तर शोध घेणार कोण?

बचतीचे गणितही असेच आहे. दरमहा 2,000 रुपये, वार्षिक 7 टक्के दराने व मासिक चक्रवाढीने, 20 वर्षे गुंतविल्यास सुमारे 10.4 लाख रुपये होतात. तीच सुरुवात पाच वर्षांनी केली, तर हाती सुमारे 6.3 लाखच येतात. न भरलेली रक्कम 1.2 लाखांची, तूट मात्र चार लाखांहून अधिक!

अर्थात प्रत्येक विलंब दोषास्पद नसतो. महाभारताच्या शांतिपर्वातील चिरकारीला पित्याने रागाच्या भरात मातेच्या वधाची आज्ञा दिली. तो विचार करीत राहिला, तोवर पित्याला पश्चात्ताप झाला आणि अनर्थ टळला. कर्ज घेताना, जामीन राहताना, आकर्षक परताव्याच्या आमिषाला भुलताना चिरकारीचे स्मरण अवश्य ठेवावे. पण त्याच्या विलंबात विचार होता. खणातल्या अर्जाला विचाराची गरज नसते, गरज असते ती केवळ स्वाक्षरीची.

कंटाळा जाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा काम लहान करावे, हा यावरील व्यवहार्य उपाय. एका दिवशी एकच काम ठरवावे : आज नामनिर्देशन, पुढच्या आठवड्यात जुने खाते. आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी परस्पर वळता होईल अशी स्थायी सूचना द्यावी, म्हणजे दरमहा मनाची समजूत घालावी लागत नाही. नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. अर्ज भरण्यास लागतात जेमतेम दहा मिनिटे. न भरल्यास कुटुंबीयांच्या वाट्याला येतात हेलपाटे आणि कागदपत्रांची जुळवाजुळव. ‘उद्या’ची ही थकबाकी आपल्या माघारी त्यांनी का फेडावी?