ट्रॅक्टरमागच्या कॅरिअरवर कॅरेट-ड्रम नेताय? आधी पुढच्या चाकांवर किती वजन उरलंय ते बघा

*शेती सल्ला : वाहतूक आणि सुरक्षा*



टोमॅटोची खुडणी जोरात आहे, द्राक्षाची गोडी छाटणीही सुरू झालीय. या दिवसांत बहुतेक सभासदांच्या छोट्या ट्रॅक्टरमागे लिफ्टवर कॅरिअर चढलेलं असतं. सकाळी त्यावर एचटीपी पंप, पाण्याचा ड्रम, शिडी, छाटणीचं सामान. दुपारी टोमॅटोची कॅरेट. ट्रॉली जोडायची कटकट नाही, ओळीत सहज वळतं, म्हणून हे कॅरिअर सोयीचं आहे. ते वापरू नका असं आमचं म्हणणं नाही.

पण ट्रॉलीत आणि कॅरिअरमध्ये एक मोठा फरक आहे. ट्रॉलीचं बरंचसं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं. कॅरिअरला चाकं नसतात. त्याचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या मागे लटकतं आणि तागडीसारखं पुढची बाजू उचलतं. पाटाचा बांध चढताना पुढची चाकं वीतभर उचलली जातात, स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही, हा अनुभव अनेकांना आलेला असेल. आपण हसून सोडून देतो. पण ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा एका सेकंदाच्या आत खेळ संपतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्यालाही वाचायला द्या.

*१) हिशोब समजून घ्या*

समजा, तुमचा बागेतला ट्रॅक्टर १,००० किलोचा आहे. त्यातले ४०० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये अंतर १.५ मीटर.

आता मागे ६० किलोचं कॅरिअर लावलं आणि त्यावर २० किलोची १२ कॅरेट ठेवली. एकूण ३०० किलो. या वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलपासून १.२५ मीटर मागे आहे.

पुढून किती वजन उचललं जाईल?
३०० × १.२५ ÷ १.५ = २५० किलो.

म्हणजे पुढच्या चाकांवर ४०० पैकी फक्त १५० किलो उरले. उचललेले २५० किलो कुठे गेले? मागच्या टायरवर. माल ३०० किलोचाच, पण मागच्या टायरवर बोजा वाढला ५५० किलोचा. म्हणून मागच्या टायरची हवाही कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी ठेवा.

ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या उदाहरणात ते २०० किलो होतात, आणि उरले १५०. म्हणजे सपाट शेतातही स्टेअरिंग हलकं झालेलं आहे. चढावर ते आणखी हलकं होणार.

त्यात "चार कॅरेटनं काय होतंय?" म्हणून आणखी ८० किलो चढवले, तर पुढे उरतात जेमतेम ८३ किलो. एका खड्ड्याचं काम.

*२) उपाय : माल पुढे सरकवा*

तेच ३०० किलो २५ सेंटिमीटर पुढे घेतले, म्हणजे मालाचा मध्य ॲक्सलपासून १ मीटरवर आणला, तर:
३०० × १ ÷ १.५ = २०० किलो उचलले जातात, पुढे २०० उरतात. म्हणजे नियमात बसलं. एकही कॅरेट कमी न करता, फक्त वीतभर पुढे सरकवून.

दुसरा उपाय म्हणजे पुढे बंपरवर वजनं लावणं. पुढच्या ॲक्सलच्या ५० सेंटिमीटर पुढे ४० किलोचं वजन लावलं, तर तागडीच्या नियमानं ते ५३ किलोचं काम करतं. वजनं कंपनीचीच घ्या आणि बोल्टनं आवळा. दगड किंवा वाळूची गोणी दोरीनं बांधू नका, ती खाली पडून चाकातच येते.

*भुईकाट्यावर एकदा खात्री करा.* प्रत्येक ट्रॅक्टरचं माप वेगळं, म्हणून स्वतःचा हिशोब स्वतः काढा. माल घेऊन बाजार समितीत जाल तेव्हा भुईकाट्यावर तीन वजनं करा: रिकामा ट्रॅक्टर पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग कॅरिअर भरून पुन्हा फक्त पुढची चाकं. शेवटचा आकडा पहिल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आला, तर तेवढा माल तुमच्या ट्रॅक्टरला जास्त आहे. किती कॅरेटवर आकडा बरोबर येतो ते बघा आणि कॅरिअरवर रंगानं लिहून ठेवा: "जास्तीत जास्त १२ कॅरेट". म्हणजे नवीन ड्रायव्हर किंवा मजूर आला तरी चूक होणार नाही.

*"पण लिफ्ट तर उचलते ना?"* हा सगळ्यात मोठा गैरसमज. लिफ्ट उचलते म्हणजे हायड्रोलिकमध्ये ताकद आहे, एवढंच. ट्रॅक्टर तोल सांभाळेल असा त्याचा अर्थ नाही. शिवाय माहितीपत्रकात दिलेली लिफ्टची क्षमता बऱ्याचदा लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. माल त्या टोकाच्या मागे असतो, तिथे क्षमता कमी भरते.

*३) कॅरिअर बनवून घेताना*

▪️ फॅब्रिकेशनवाल्याला सांगा: *"रुंद कर, मागे लांब नको."* रुंदी मागच्या टायरच्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर बागेत खांब आणि ओलांडे धरतील.
▪️ ट्रॅक्टरकडच्या बाजूला कॅरेटच्या थराएवढी उंच, मजबूत जाळी हवी. जोराचा ब्रेक लागला की माल पुढे येतो. ही जाळी नसेल तर तो चालवणाऱ्याच्या पाठीत येतो.
▪️ तिन्ही बाजूंना ४ ते ६ इंचाची कड आणि दोर अडकवायला वेल्ड केलेल्या कड्या ठेवा. दोर अँगलच्या धारेवर घासला की कापतो.
▪️ पिनचं माप तपासा. छोट्या ट्रॅक्टरला खालच्या लिंकची पिन साधारण २२ मिलिमीटरची असते, मोठ्याला २८. मोठ्या भोकात बारीक पिन घातली की खडखडून भोक वाढत जातं. अशा ठिकाणी बुश टाका.
▪️ पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट आणि क्लिपच्या जागी बाइंडिंग तार, हे आजपासून बंद. पिन-क्लिपचा जादा जोड टूलबॉक्समध्ये असू द्या.
▪️ हंगामाच्या सुरुवातीला वेल्डिंगचे सांधे पुसून बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती चीर समजा.

*४) जोडताना*

सपाट जागी, पीटीओ बंद करून जोडा. लिंक आणि कॅरिअरच्या मध्ये कोणालाही उभं करू नका. दोन्ही बाजूच्या साखळ्या आवळा. त्या ढिल्या असतील तर कॅरिअर डावी-उजवीकडे झुलतं आणि झुलणारं वजन वळणावर ट्रॅक्टर ओढतं. टॉप लिंक अशी लावा की कॅरिअर किंचित ट्रॅक्टरकडे कललेलं राहील, म्हणजे माल जाळीला टेकतो.

पोझिशनचा लिव्हर वापरा, ड्राफ्टचा नाही. बऱ्याच ट्रॅक्टरना सीटखाली लिफ्ट किती वेगानं उतरावी याचा नॉब असतो. रस्त्यानं जाताना तो बंद केला की लिव्हरला चुकून हात लागला तरी कॅरिअर धाडकन खाली येत नाही.

*५) माल रचताना आणि बांधताना*

▪️ जड माल खाली आणि ट्रॅक्टरला चिकटून, हलका वर आणि मागे. पंप पुढे, शिडी-कात्र्या मागे.
▪️ ड्रम नेताना पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा न्या. अर्ध्या ड्रममधलं पाणी हिंदकळतं आणि प्रत्येक वळणावर तोल हलवतं. त्यापेक्षा झाकणाचे कॅन बरे. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, हे विसरू नका. दहा कॅरेटचा माल झाला तो.
▪️ कॅरेट एकमेकांत बसवून रचा आणि थर जाळीच्या उंचीपेक्षा वर नेऊ नका.
▪️ नुसतं "वजनानं बसलंय" यावर विसंबू नका. जोराच्या ब्रेकला मालाच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोर पुढे येतो, वळणावर सुमारे ५० टक्के बाजूला. म्हणजे २०० किलोच्या थराला बाजूनं १०० किलोचा धक्का. शिवाय खड्ड्यात माल वर उडतो ते वेगळंच.
▪️ रॅचेटचा पट्टा सगळ्यात चांगला. दोन पट्टे वरून आडवे घ्या आणि एक मागून पोटावर. दोरच वापरायचा तर वरून फुलीसारखा घ्या. उन्हात राहून पांढरट पडलेला, भुसभुशीत झालेला प्लॅस्टिकचा दोर फेकून द्या. तो ओढ बसेपर्यंत चांगला दिसतो.
▪️ पाच-दहा मिनिटं चालल्यावर थांबा आणि पुन्हा ताणून घ्या. माल बसतो, दोर ढिला होतो. प्रत्येक वेळी होतो.
▪️ ज्यावर औषधाचे कॅन नेले ते कॅरिअर धुतल्याशिवाय त्यावर माल ठेवू नका. अवशेषाच्या तपासणीत आलेला दोष कॅरेटच्या बुडाला लागलेल्या औषधाचा असला, तरी फटका पूर्ण मालाला बसतो.
▪️ कॅरिअरवर *माणूस बसवायचा नाही.* पोरंसोरं तर अजिबात नाही. "बांधापर्यंतच" म्हणूनही नाही.

*६) चालवताना*

▪️ कॅरिअर जमिनीला लागणार नाही इतपतच उचला. जेवढं उंच, तेवढा तोल कच्चा.
▪️ क्लच हळू सोडा. झटक्यानं सोडला की पुढची बाजू आधी उठते.
▪️ तीव्र बांध किंवा चारी चढायची असेल तर *रिव्हर्समध्ये चढा, उतरताना सरळ उतरा. वजनाची बाजू नेहमी चढाकडे.* उतारावर लो गिअर ठेवा, क्लच दाबून गाडी सोडू नका.
▪️ रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडलं जोडून टाका. पुढचं चाक हलकं झालं की काही जण एका बाजूच्या ब्रेकनं ट्रॅक्टर वळवतात. शेतात हळू चालताना ते खपतं, डांबरी रस्त्यावर वेगात केलं तर उलटतं. स्टेअरिंग हलकं लागलं तर थांबा आणि माल कमी करा.
▪️ थांबलात की कॅरिअर जमिनीवर टेकवा, मग इंजिन बंद करा. उचललेल्या कॅरिअरखाली हात-पाय घालू नका. पाइप फुटायला वेळ सांगून येत नाही.

*७) मुंबई-आग्रा हायवे असो की गावचा रस्ता*

भरलेलं कॅरिअर ट्रॅक्टरचे मागचे दिवे, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकतं. पहाटे अंधारात पिंपळगावच्या बाजारात निघालेला ट्रॅक्टर मागच्या ट्रकवाल्याला दिसतच नाही. म्हणून कॅरिअरच्या मागच्या कडेला लाल रिफ्लेक्टर पट्टी, दोन लाल दिवे आणि नंबर लावा. खर्च एका कॅरेटच्या आसपास. चिखलानं माखलेली पट्टी असून नसल्यासारखी, म्हणून निघताना फडकं फिरवा. हायवेवर लांब जायचं असेल तर कॅरिअर सोडा, ट्रॉली किंवा पिकअप घ्या.

बांबू, अँगल, ठिबकचे पाइप कॅरिअरवर आडवे टाकून रस्त्यावर येऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला माल बाहेर आलेला असेल तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

*पिकअप, जीपवाल्यांसाठी:* मागच्या हुकाला अँगल वेल्ड करून जादा सामानाचं स्टँड करायची पद्धत दिसते. हिशोब तोच: हुकावरचं वजन पुढची चाकं हलकी करतं, आणि घाटात ते लगेच कळतं. हुक ओढायला केलेला असतो, वजन तोलायला नाही. वेल्ड करून गाडीच्या मूळ बांधणीत बदल केला तर तो कायद्यातही अडकतो आणि विम्याच्या दाव्यातही अडचण आणू शकतो. जादा सामान हौद्यात घ्या किंवा दुसरी खेप करा.

*निघण्याआधी दोन मिनिटं* ✅
१. तिन्ही पिना आणि क्लिपा जागेवर?
२. बाजूच्या साखळ्या आवळलेल्या?
३. जड माल पुढे, खाली?
४. पट्टे ताणलेले?
५. दिवे, रिफ्लेक्टर दिसतात?
६. कॅरेट लिहिलेल्या आकड्यात?
७. सपाट जागी थोडं चालवून बघा: स्टेअरिंग नेहमीसारखं जड लागतंय? हलकं लागलं तर दोन कॅरेट उतरवा.

मंडळी, दोन कॅरेट जास्त नेऊन वाचते ती एक खेप, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं आणि थोडं डिझेल. त्यासाठी ट्रॅक्टर आणि त्यावर बसलेला आपला माणूस पणाला लावू नका.

कॅरिअरचं माप किंवा भुईकाट्यावरचे आकडे समजत नसतील तर तिन्ही वजनं आणि कॅरिअरचा बाजूनं काढलेला फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा, आपण मिळून हिशोब करू. मेसेज सेव्ह करून ठेवा, शेजारच्या शेतकऱ्यालाही पाठवा.

जपून चला. 🙏