नेट नेमकं कुठे अडतंय?

कराडला आईच्या घरी दिवाणखान्यात काचेचं शोकेस आहे. त्यात बाबांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं तांब्याचं ताट, दोन पितळी समया, नातवंडांचे फोटो आणि सगळ्यात मागे दोन अँटेनांचा काळा राउटर. नेट जोडायला आलेल्या मुलाने तो टीव्हीशेजारी ठेवला होता, पण तारांचं जंजाळ पाहुण्यांना दिसू नये म्हणून आईने तो आत सरकवला. तिची झोपायची खोली मागच्या बाजूला, मध्ये स्वयंपाकघर. रोज रात्री नऊला बेंगळुरूच्या नातीचा व्हिडिओ कॉल येतो, आणि पोरगी काही सांगायला लागली की तिचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो. आईने प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा केला, तरी तेच. मला फोनवर म्हणाली, "अजून मोठा घेऊ का रे?"

हा प्रश्न आज घराघरांत आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असं असतं. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन ते चार एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर एचडी सिनेमा बघायला पाचच्या आसपास, फोर-के असेल तर पंधरा ते पंचवीस. म्हणजे चौघांच्या घराला १०० चा प्लॅन सहज पुरायला हवा. टाकी भरलेली असून नळाला धार नसेल तर आपण दुसरी टाकी बांधत नाही, वाटेतला कॉक बघतो. नेटच्या बाबतीत मात्र आपण थेट मोठा प्लॅन घेतो, आणि निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात हे पैसे वाया गेलेले मला खरोखर बघवत नाहीत.

वाट तशी लहान आहे. खांबावरून फायबर येते ती भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात, म्हणजे ओएनटीत. तिथून तांब्याच्या तारेने राउटरमध्ये आणि राउटरमधून हवेतून फोनमध्ये. काही घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. यातली सर्वांत बेभरवशाची पायरी हवेची, म्हणून तपासताना ती आधी बाजूला काढायची. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, घरातले बाकीचे फोन वायफायवरून उतरवायचे आणि मग स्पीड मोजायचा. तारेवर प्लॅनइतका आकडा आला तर बाहेरून येणारं नेट ठीक आहे, दोष वायफायचा. तारेवरही आकडा पडला तर दोष मागे, तारेत किंवा लाइनवर. एवढ्या दहा मिनिटांच्या कामाने निम्मा शोध संपतो.

कराडला मी तेच केलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ९४ आला.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाइन खराब असती तर स्पीड कधी ६०, कधी १३० असा वरखाली झाला असता. २०० च्या प्लॅनवर तो जेव्हा ९४-९५ ला खिळून राहतो, तेव्हा मधली एखादी जोडणी १०० वर अडकलेली असते. वरचे पाच-सहा माहितीच्या वेष्टनात जातात. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० पर्यंतचं काम नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्यांवर भागतं. त्यापुढे जायला चारही लागतात. त्या नसल्या तर दोन्हीकडची यंत्रं आपापसांत १०० वर तडजोड करतात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

पांढऱ्या डब्यातून राउटरला जाणारी हातभर केबल काढून उजेडात धरली. टोकाचा प्लग पारदर्शक असतो, आतलं सगळं दिसतं. नारिंगी आणि हिरव्या तारा सोनेरी दातांपर्यंत पोचलेल्या होत्या, निळ्या आणि तपकिरी मागेच कापलेल्या. १०० च्या प्लॅनला चारच पुरतात म्हणून जोडणाऱ्याने तेवढ्याच बसवल्या असणार. प्लॅन वाढला, केबल तीच राहिली, आणि दर महिन्याचे जादा पैसे त्या चार तारांपाशी अडत राहिले. बाजारातून कॅट-५ई ची तयार केबल आणली, आकडा १९० च्या वर गेला. काही स्वस्त राउटरांची भोकंच १०० ची असतात. तिथे केबल बदलून उपयोग नाही, राउटरच बदलावा लागतो.

(आकड्यांतला एक घोळ इथेच सोडवतो. प्लॅन सांगतात मेगाबिटमध्ये, फाइल उतरताना दिसते मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. २०० च्या प्लॅनवर सिनेमा सेकंदाला २४ मेगाबाइटने उतरत असेल तर तुम्हाला पुरेपूर मिळतंय.)

आईच्या खोलीतला आकडा मात्र अजून चारच होता, तोही खालीवर होणारा. आता हवेची पाळी. राउटर बोलतो तो रेडिओच्या लहरींनी, आणि त्या लहरींना धातूचं वावडं. शोकेसच्या पाठीला आरसा होता. आरशामागचा धातूचा लेप लहरी परत फिरवतो. पुढे तांब्याचं ताट, मग विटांची जाड भिंत, तिच्यापलीकडे स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, आणि मग आईची खोली. आपल्या घरांत अशा अडचणी भरपूर असतात: लोखंडी कपाट, सळ्यांचं काँक्रीट, पाण्याची टाकी, फिशटँक. राउटर घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर हवा. अँटेना उभ्या ठेवाव्यात, कारण लहरी त्यांच्या अंगाकडून चौफेर पसरतात, टोकाच्या दिशेने फारशा जात नाहीत.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून दूरवर पोचतात, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात. वायफायचा शिरस्ता असा की आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तरच आपण बोलायचं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत फोनवर वीस-वीस नावं दिसतात, म्हणजे तेवढे जण पाळीची वाट बघत असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर कमी गर्दी आहे तो निवडावा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि मोकळा, पण दोन भिंतींनी दमतो. म्हणून एकाच खोलीत असाल तर ५, लांब असाल तर २.४.

लांबच्या खोलीसाठी दुकानदार भिंतीत खोचायचा एक्स्टेंडर देतात. मी तो सहसा सुचवत नाही. साधा एक्स्टेंडर ज्या पट्ट्यात ऐकतो त्याच पट्ट्यात पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. त्यापेक्षा लॅन केबल लांबवून तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावणं केव्हाही भरवशाचं. आईकडे तेवढीही गरज पडली नाही. राउटर शोकेसमधून काढून मधल्या दाराच्या वर, फळीवर ठेवला. खोलीतला आकडा चारवरून चाळिशीत गेला.

कधी स्पीड टेस्ट उत्तम येते आणि तरी सगळं अडखळतं. अशा वेळी अपलोड बघावा. लग्नाहून परतलेल्या चौघांचे फोन एकाच वेळी शेकडो फोटो वर चढवायला लागले की बाहेर जाणारी वाट तुंबते. पान उघडायला किंवा सिनेमा बघायलासुद्धा फोनला 'मिळालं, पुढचं पाठव' असा निरोप सतत पाठवावा लागतो, आणि तोच रांगेत अडकतो. फोटोंचा बॅकअप झोपायच्या वेळी लावला की काम भागतं. फक्त साइट उघडायला वेळ लागत असेल आणि एकदा उघडली की पळत असेल, तर डीएनएस बदलून बघावा. साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी ती सेवा आहे. आणि महिन्याच्या शेवटी तारेवरसुद्धा वेग एकदम पडला, तर प्लॅनमधली एफयूपीची अट वाचावी. ठरलेला डेटा संपला की 'अनलिमिटेड' प्लॅनचाही वेग उतरतो.

तारेवरचा आकडा रोज रात्री आठ ते अकराच्या दरम्यानच पडतो आणि दुपारी ठीक असतो, तेव्हा तुमच्या घरात दोष नाही. एकाच फायबरची लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि पुढे केबलवाल्याने वरून घेतलेली क्षमता सगळ्या वस्तीला मिळून वापरायची असते. इथे तक्रारच करायला हवी, आणि ती पुराव्यानिशी. तीन दिवस, दुपारी आणि रात्री, तारेवर मोजलेले आकडे तारीख-वेळेसकट लिहून ठेवावेत. 'नेट स्लो आहे' म्हटलं की पलीकडून 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच येतं. आकडे दिले की बोलणं पुढे सरकतं. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ही सोय ट्रायच्या नियमांतच आहे.

आणि फायबर. केसाएवढी जाड काच, तिच्या गाभ्यातून उजेड धावतो. ती करकचून वळवली की वळणावर उजेड बाहेर सांडतो. किती उजेड पोचतो ते डीबीएममध्ये मोजतात. उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २७ च्या खाली गेला की नेट तुटायला लागतं. तीन डेसिबल कमी झाले की उजेड निम्मा. ओएनटीवर 'पॉन' हा हिरवा दिवा स्थिर हवा. 'एलओएस' लाल पेटला तर उजेडच येत नाही असं समजावं.

हे सगळं मी आईला त्या मुक्कामात दाखवलं. तिने दिव्यांची नावं आणि ग्राहक क्रमांक वहीच्या कागदावर लिहून शोकेसच्या काचेला आतून चिकटवले. जुलैत एका दुपारी नेट गेलं. खिडकीच्या सरकत्या काचेत फायबर चेपली होती. आईने केबलवाल्याला फोन लावला आणि चष्मा लावून कागदावरचं वाचून सांगितलं, "एलओएस लाल आहे, पॉन विझलाय, राउटर चालू आहे." पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला. म्हणाला, "काकू, तार कुठेतरी दबली असंल. मीटर आणि नवी तार घेऊनच येतो." नऊच्या कॉलआधी तो काम करून गेलाही होता.