शहराच्या शिवेवरील जमीन आणि नवी पेठ

तालुक्याच्या गांवची बाजारपेठ ओस पडूं लागली, अशी ओरड हल्लीं जिकडेतिकडे ऐकूं येते. साबण, चहा, कापड, फार काय पाण्याचा पंपही मोबाइलवर मागवितां येतो व दोन-चार दिवसांत दाराशीं येऊन पडतो. पेठेंतील लहान दुकानदाराचें गिऱ्हाईक त्यामुळें तुटलें, हें खरें. परंतु व्यापारच संपला असें समजणें चुकीचें होय. तो केवळ जागा बदलीत आहे. घरपोच जाणारा मालही आधीं कोठें तरी उतरवावा लागतो, गोदामांत ठेवून लहान गाड्यांत भरावा लागतो. शिवाय सर्व जिन्नस एका छपराखालीं विकणारीं मोठीं दुकानें गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या करण्यासही प्रशस्त जागा मागतात. ती जुन्या पेठेच्या बोळांत मिळत नाहीं. ती शहराच्या शिवेवर, म्हणजे आपणां खातेदारांच्या शेतांत आहे.

पेठेनें जागा बदलणें हें कांहीं नवें नव्हे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला आणि १८९५ सालीं शाहू महाराजांनीं स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. गुळाच्या व्यापारानें ती पुढें नांवारूपास आली. त्याच लोहमार्गावर १९१७ सालीं जयसिंगपूर वसलें. तेथील सरळ, रुंद रस्ते व क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही आधींच्या आंखणीची साक्ष देतात. आधीं आंखणी, मग वस्ती, असा तो क्रम होता.

आज आपण नेमकें उलट करितों. वळणरस्ता झाला कीं रस्त्यालगतचा खातेदार गुंठा-गुंठा विकूं लागतो. दर्शनी पट्टी तुकड्यांत गेली म्हणजे मागील दहा एकरांस वाट राहात नाहीं. एकदोन एकर सलग जमीन पाहणारा व्यापारी आला, तर त्याच्यापुढें पंधरा सह्यांचा प्रश्न उभा राहतो. सात-बाऱ्यावर मयत आजोबांचें नांव तसेंच, बहिणींची वारसनोंद नाहीं, बांधावरची वाट तोंडीच! असली दप्तरें मीं नोकरींत पुष्कळ हाताळलीं आहेत. असा गृहस्थ भांडत बसत नाहीं. मुकाट्यानें शेजारच्या तालुक्यांत जातो. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असतांही हे व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर होतच राहिले. पुढें २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें पुष्कळ बांधकामें नियमित करून घेण्याची सोय झाली. पण नियमित झाल्यानें बोळ कांहीं रुंद होत नाहीं.

यावर कायद्यांतच एक तोड आहे, तिची माहिती थोड्यांनाच असते. तिचें नांव नगररचना योजना. मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं तिचा कायदा झाला. आज ती १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमांत आहे. नगरपरिषद ठराव करून योजनेचा उद्देश जाहीर करिते. सर्व खातेदारांचे मूळ भूखंड कागदावर एकत्र करून रस्ते, मोकळ्या जागा व बाजार यांची आंखणी होते आणि उरलेली जमीन ज्याची त्यास अंतिम भूखंड म्हणून परत मिळते. समजा, कोणाची दोन एकरांची चिंचोळी, वाटेवांचूनची पट्टी आहे. त्यास सव्वा एकरच मिळाला, तरी तो चौकोनी व रस्त्यालगत मिळतो. वाढलेल्या किमतीपैकीं जास्तींत जास्त निम्मा हिस्सा अंशदान म्हणून द्यावा लागतो. योजनेमुळें होणारें नुकसानही हिशेबांत धरिलें जातें. दोष एवढाच, कीं अशा योजना वर्षानुवर्षें रेंगाळतात. तो दोष लहान नव्हे.

सरकारची वाट न पाहतां एकत्र येण्याचेंही उदाहरण आहे. पुण्याजवळ हडपसर येथें सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनीं सुमारें ४०० एकर जमीन एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणांत भाग घेऊन कंपनी काढिली व मगरपट्टा वसविला. लहान शहरास पुण्याचा भाव येणार नाहीं, आणि एवढें क्षेत्रही लागणार नाहीं. पांच-सहा खातेदारांची वीस एकर सलग जमीन पुष्कळ झाली. तीही सगळी विकण्याची घाई नको. गोदामास भाडेपट्ट्यानें दिलेली जमीन नातवाच्या नांवें राहते.

ज्यांस हें करावयाचें असेल त्यांनीं प्रथम वारसनोंदी पुऱ्या कराव्या, सरकारी मोजणी करून हद्दी कायम कराव्या, आणि आपल्या गटावर विकास आराखड्यांत आरक्षण आहे कीं काय, याचा दाखला नगरपरिषदेंतून लेखी घ्यावा. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला असल्यास हरकत मुदतींतच द्यावी व पोंच घेण्यास विसरूं नये.