चेहरा आणि वाणी

मनातील भाव प्रकट होण्यास मोठा प्रसंगच लागतो असे नाही. नित्याच्या व्यवहारातही त्यांना वाट सापडते. संयुक्त अरब अमिरातीतील दोन कलावंतांचे कार्य याची साक्ष देते.

छायाचित्रकार रमेश शुक्ला 1965 मध्ये मुंबईहून आगबोटीने शारजास उतरले. 2 डिसेंबर 1971 रोजी दुबईत संघराज्य स्थापन झाले, तो ऐतिहासिक क्षण त्यांनी टिपलाच. परंतु होड्या, कोळी आणि उंटांच्या शर्यती यांकडेही त्यांचा कॅमेरा तितक्याच आदराने वळला. कवयित्री औशा बिंत खलिफा अल सुवैदी (1920–2018) यांनी प्रेम, आठवणी आणि ईश्वरश्रद्धा लोकांच्या बोलीतील नबाती काव्यात गुंफल्या. एकाने चेहरा राखला, दुसरीने वाणी.

त्याच मुंबई बंदरातून 19व्या शतकात मराठी करारबद्ध मजूर मॉरिशसला गेले. त्या बेटावरील मजुरांची छायाचित्रे सरकारी दप्तरात आजही आहेत. ती ओळख पटविण्यासाठी काढलेली. त्यांत चेहरा आहे, क्रमांक आहे, परंतु मनोगत नाही. महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रिया जात्यावर बसून ओवीत सासर-माहेर गात. मनोगत उमटे ते तेथे.

आज कॅमेरा घरोघरी आहे. आजीचे छायाचित्र घेताना तिच्या तोंडची एखादी ओवी, एखादे वाक्य त्यामागे लिहून ठेवले, तर पूर्वजांच्या चित्रांत जे उणे राहिले, ते नातवंडांना उणे पडणार नाही.