बापाची खुर्ची

अमेरिकेत नॉर्मन लिअर नावाचा एक मुलगा होता. त्याच्या घरी लाल चामड्याची एक खुर्ची होती. ती बापाची. तिच्यात बसून बाप रेडिओ ऐकायचा. बायको मधे बोलली, की "गप बैस" म्हणून खेकसायचा. तुम्हाला हे नवल वाटायचं नाही. अशी खुर्ची घरोघरी असते.

नॉर्मनचा जन्म १९२२ सालचा, न्यू हेवन या शहरातला. बाप मोठ्या थापा मारणारा. चार दिवसांत लखपती होतो, म्हणायचा. नॉर्मन नऊ वर्षांचा असताना खोटे रोखे विकल्याबद्दल बापाला पकडलं. तीन वर्षांची कैद झाली. आईनं घरचं सामान विकायला काढलं. लाल खुर्चीही विकायला निघाली. जमलेल्यांतला एकजण पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता घरातला कर्ता पुरुष तू." नऊ वर्षांच्या पोराला असं सांगायचं! रडायच्या वेळीसुद्धा माणसं किती खुळ्यासारखी वागतात, हे आपल्याला त्या रात्री उमगलं, असं लिअर पुढं सांगत असे.

दुसरं महायुद्ध आलं. त्यानं कॉलेज सोडलं आणि तो विमानदलात गेला. बॉम्ब टाकणाऱ्या विमानातून ५२ मोहिमा करून जिवंत परतला. मग लॉस एंजेलिस शहरात एड सिमन्स या नातलगाबरोबर दारोदार फिरून माल विकू लागला. एकदा दोघांच्या बायका सिनेमाला गेल्या होत्या. घरी बसून या दोघांनी एक गमतीचं गाणं रचलं. ते विकलंही गेलं. फेरीचा धंदा हळूहळू सुटला आणि लिहिण्याचा लागला.

तेव्हा तिकडं टीव्ही नवा होता. पडद्यावर आपल्याला नट दिसतो. पण त्याच्या तोंडचं बोलणं आधी कुणीतरी कागदावर उतरवलेलं असतं. तो लेखक. निर्माता म्हणजे सगळ्या कामाचा कारभारी. नट निवडणं, माणसं जमवणं, खर्च बघणं त्याच्याकडं. लिअर आधी लेखक होता, पुढं निर्माताही झाला.

इंग्लंडात एक विनोदी मालिका गाजत होती. एक तोंडाळ, हेकट बाप आणि त्याच्याशी भांडणारा जावई. लिअरला वाचताच आपला बाप आठवला. त्यानं अमेरिकेसाठी तिचे हक्क घेतले. एका टीव्ही कंपनीनं नमुन्याचे भाग बनवून घेतले, दोनदा. आणि दोन्ही वेळा नको म्हणाली. शेवटी दुसऱ्या कंपनीनं जानेवारी १९७१ मध्ये मालिका दाखवली. नाव 'ऑल इन द फॅमिली'. लोक चिडतील म्हणून आधी पडद्यावर सूचना लावली. तक्रारी ऐकायला फोनवर जादा माणसं बसवली. तक्रारी फारशा आल्याच नाहीत.

मालिकेतला बाप आर्ची बंकर. तो काळ्या लोकांना नावं ठेवी, ज्यूंना नावं ठेवी, बायकोला गप बसवी. लिअर स्वतः ज्यू होता, हे ध्यानात घ्या. १९७२ च्या एका भागात सॅमी डेव्हिस हा नामांकित काळा गायक आर्चीच्या घरी येतो. एवढा मोठा माणूस आला म्हणून आर्ची फुगतो. बोलायला लागला की मात्र मनातला विटाळ बाहेर पडतोच. शेवटी फोटो काढताना सॅमी आर्चीच्या गालाचा मुका घेतो. आर्चीचं तोंड बघून लोक पोट धरधरून हसले. हे हसू खरं होतं. खेळ प्रेक्षकांना बसवूनच चाले, एका संध्याकाळी दोनदा. पहिल्या खेळात जिथं हसू आलं नाही, तिथलं बोलणं मधल्या वेळात बदलत.

पाच वर्षं ही मालिका देशात पहिल्या नंबरावर होती. लिअरनं आणखीही मालिका काढल्या. त्यांत काळ्या कुटुंबांच्याही होत्या.

पण एक वाद राहिला. लोक आर्चीला हसतात, की आर्चीबरोबर हसतात? १९७४ साली दोन अभ्यासकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्रेक्षकांना विचारून पाहिलं. ज्यांच्या मनात आधीच द्वेष होता, त्यांना आर्ची आपलाच वाटत होता! लिअरला हा आक्षेप पटत नसे. मला वाटतं, अभ्यासकांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. आरशात बघून माणूस तोंड धुईलच असं नाही, मिशीला पीळही देईल. तरी एक गोष्ट खरी. जे भांडण घरात दबून होतं, ते जेवताना सगळ्यांदेखत निघू लागलं.

लिअर २०२३ साली वारला, वयाच्या १०१ व्या वर्षी.

मालिकेतही बापाची एक खुर्ची होती. तिच्यात दुसरं कुणी बसलं की आर्ची भडके. ती जुन्या सामानातून आणलेली साधी खुर्ची होती. १९७८ साली ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. मालिका मात्र पुढं चालूच राहिली, म्हणून हुबेहूब दुसरी खुर्ची बनवून घ्यावी लागली. संग्रहालयातल्या खुर्चीत आता कुणीच बसत नाही.